थोरल्याच्या दोन पिशव्या

थोरला प्लेटलेट द्यायला तयार झाला तो भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतः फोन करून गळ घातल्यावर. त्याच्या धाकट्या भावाच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि धाकट्याच्या अंगाला परक्या कुणाच्या प्लेटलेट मानवत नव्हत्या. चढवल्या की विरून जायच्या. तपासणीत जुळला तो एकटा थोरला. नेमका तोच, ज्याच्याशी धाकटा आई गेल्यापासून एक शब्द बोलला नव्हता.

"आईच्या आजारपणातही कुठे आला होता?" रक्तपेढीच्या खुर्चीत रेलून थोरला म्हणाला. तो सुतार होता. बोटं जुन्या घावांनी गाठाळलेली. "तिचं हगणंमुतणं मी आणि माझ्या बायकोनं काढलं. हा फोनवरून सल्ले द्यायचा. तिच्यामागोमाग माझी बायको गेली, तेव्हाही आला नाही. असो. घ्या काय घ्यायचं ते. रक्ताला काय कळतंय कोणाकडे चाललंय."

"त्यांना सांगू का, तुम्ही दिल्या म्हणून?" बाईंनी विचारलं.

"नको. तो काहीच म्हणणार नाही. ते जास्त लागतं."

दोन पिशव्या भरल्या. कोपराच्या खळगीतलं टोचलेलं भोक कापसानं दाबून तो घरी गेला. येणार नाही म्हणाला होता, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरबाहेरच्या बाकावर येऊन बसला.

आत झडप नीट बसली, पण रक्त थांबेना. शिवलेल्या प्रत्येक टाक्यातून ते पाझरत होतं. बाईंनी धाकट्याच्या रक्ताचा नमुना कोपऱ्यातल्या यंत्रात सोडला. हे यंत्र रक्ताला आवाजाचे धक्के देतं, कानाला ऐकू न येणारे. पातळ रक्त धक्क्याबरोबर हेलकावतं. गोठू लागलं की विरजलेल्या दुधासारखं जागच्या जागी थरथरतं. जितकं घट्ट होईल तितकी पडद्यावर रेघ चढते, आणि काय चढवायचं, किती चढवायचं ते बाई त्या रेघेवरून ठरवायच्या. अंदाजपंचे पिशव्या लावणाऱ्यांचा त्यांना राग होता.

रेघ जमिनीला चिकटून होती. बाईंनी थोरल्याची पहिली पिशवी लावली.

पुढच्या नमुन्यात रेघ उठली. नुसती उठली नाही, तरुण धडधाकट माणसाची चढावी तशी चढली. एका पिशवीत एवढा फरक बाईंनी कधी पाहिला नव्हता. शल्यविशारद मास्कमागून खूश होऊन म्हणाले, "भाऊ असावा तर असा."

तेवढ्यात बाहेरची सिस्टर दारात आली. "बाई, यांचे भाऊ बसलेत ना बाकावर, त्यांच्या हातातून रक्त येतंय. कालच्याच भोकातून. दाबून धरलं, थांबत नाही."

"पट्टी घट्ट बांधा. खाली अपघात विभागात न्या. आणि त्यांचाही नमुना मला पाठवा," बाई म्हणाल्या. तोपर्यंत ही नेहमीचीच अडचण वाटत होती.

थोरल्याचा नमुना आला. बाईंनी तो यंत्रात सोडला. धक्के पडत राहिले, रक्त हेलकावत राहिलं. रेघ सरळ. मघाशी धाकट्याची होती तशी.

काल दान घेण्याआधी त्याच्या प्लेटलेट मोजल्या होत्या, उत्तम होत्या. दोन पिशव्यांनी माणूस असा रिता होत नाही. बाईंनी यंत्र तपासलं, नमुन्याची चकती बदलली, पुन्हा लावलं. सरळ.

त्यांनी खाली फोन केला. "त्यांचीच दुसरी पिशवी खाली पाठवतेय. त्यांनाच परत लावा. ताबडतोब."

"इथे लागली तर?" शल्यविशारदांनी विचारलं.

"इथे गरज नाही. रेघ बघा."

पिशवी गेली. बाईंनी उगीच, मनाच्या समाधानासाठी, धाकट्याचा आणखी एक नमुना लावला. त्याला आता काहीच चढत नव्हतं. फक्त सलाईन.

रेघ आणखी चढली.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. टाके कोरडे होते, मॉनिटर शांत वाजत होता. त्यांनी फोन उचलला.

"ती पिशवी बंद करा."

"संपली की, बाई," खालचा डॉक्टर म्हणाला. "पण काही उपयोग नाही. गेली कुठे कळत नाही. आता नाकातूनही सुरू झालंय."

"ते काही बोलले?"

"म्हणाले, रंधा लागल्यासारखं वाटतंय. आतून."

बाई खाली पोचल्या तेव्हा त्याच्यावर चादर ओढली होती. पलंगाखालची फरशी पुसण्याचं काम चाललं होतं, आणि पुसलेलं बादलीत पाण्यासारखं पातळ हलत होतं. मृत्यूचं कारण म्हणून त्यांनी 'रक्त गोठण्यातील बिघाड' असं लिहिलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याची नळी काढली. गालांवर तुकतुकी आली होती. एवढ्या मोठ्या ऑपरेशनानंतर कुणाच्या येत नाही. प्लेटलेट थोरल्याच्या होत्या आणि तो गेला, हे बाईंनी त्याला हळू आवाजात सांगितलं. थोरल्यानं नको म्हटलेलंही सांगितलं.



"मी मागितलं नव्हतं," धाकटा म्हणाला. मग म्हणाला, "त्याच्या मागे कोण आहे आता?"

"एक मुलगी. तुमची पुतणी. बाहेर बसलीय. आत यायचं म्हणतेय."

"येऊ दे. आपलंच रक्त आहे."

ती आली. नुकती नोकरीला लागलेली, डोळे रडून सुजलेले. काकाजवळ स्टूल ओढून बसली. काकानं हात पुढे केला, तिनं तो दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांचं वैर असं मिटताना पाहून सिस्टरनं डोळे टिपले.

बाईंना मात्र तिथे थांबवेना. त्या दाराकडे वळल्या, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं.

"जरा बाहेर येता?" त्या म्हणाल्या. "हात सोडा त्यांचा. तोंडाला काय झालंय?"

तिनं मोकळ्या हातानं रुमाल ओठांवरून फिरवून पाहिला. त्यावर लाल डाग उमटला.

"काही नाही हो. आत आल्यापासून हिरड्या दुखतायत जरा," ती म्हणाली. "मी उठते, पण काका हात सोडत नाहीयेत."