रंग गेल्याची तक्रार

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधलेली गोधडी सोडून ती छातीशी धरत तो आत आला. टेबलावर ठेवून त्याने गोधडी उघडली, तर आतून टीव्ही निघाला.

"मॅडम, याचा रंग गेलाय."

मी फोन हातात तसाच धरून बघत राहिले. अर्ध्या तासात हीच तक्रार अडतिसाव्यांदा येत होती. राहात्यात आमचं केबलचं ऑफिस आहे, पप्पांचं. तक्रारी मी घेते आणि रजिस्टरात लिहिते, त्यामुळे निम्मा तालुका मला निकिताताई म्हणतो. मॅडम म्हणणारा हा पहिलाच. स्वेटरच्या बाहीला पेरूचं वाळकं पान चिकटलेलं, थंडीने नाक लाल... मी उगीचच ओढणी सारखी केली.

"सगळ्यांचाच गेलाय," मी म्हणाले. "मेन मशीन बंद करून चालू केलंय. येईल आता."

"म्हंजी आमचा टीव्ही चांगला हाय?"

"हो."

"मंग मी पिंपळसवरनं ह्यो कशाला आनला?"

तेवढ्यात मशीन सुरू झालं, समोरच्या पडद्यावर साबणाची जाहिरात अगदी रंगीत दिसायला लागली, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तो अर्धाच टाकून झाला होता, तोवर तिन्ही फोन एकदम वाजले.

झालं होतं ते असं. 'गुन्ह्याला माफी नाही' ही मालिका आमच्याकडे घरोघरी बघतात. त्या बुधवारी त्यांनी गंमत म्हणून पूर्ण भाग जुन्या सिनेमासारखा केला होता. सगळं काळं-पांढरं, इन्स्पेक्टरच्या डोक्यावर हॅट, टॉकीजच्या मालकाचा खून, आणि चौकशी चालू असताना मधेच गाणं. आठ दिवस तशी जाहिरात चालू होती म्हणे. पण जाहिरात लागली की आमच्याकडे बायका भाकरी थापायला उठतात आणि पुरुष तंबाखू मळायला. सगळ्यांना वाटलं, केबल बिघडली. मी ती मालिका बघत नाही, म्हणून मलाही तेच वाटलं. आणि मी मशीन बंद केलं ते नेमकं शेवटच्या पंधरा मिनिटांत.

"ताई, खुनी कोन निघाला?" एक बाई फोनवर तावातावाने विचारत होती. दुसऱ्या फोनवर कुणीतरी इन्स्पेक्टरच्या गाण्याबद्दल मलाच रागवत होतं. तिसऱ्या फोनवरचे म्हातारे पुंजारामबाबा तेवढे खूश होते. त्यांच्या तरुणपणी सगळे सिनेमे असेच असायचे.

टीव्हीवाल्याचाही मोबाईल वाजला. "व्हय आई... न्हाई आई..." करून त्याने तो खाली घेतला. "आई इचारतीय, खुनी कोन?"

"मला काय माहीत?"

"मंग रंग आनायला तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

"तुम्हीच तर आला होतात सांगायला."

तो हसला. मग मीही हसले, तिन्ही फोन वाजत असताना. त्याचं नाव कल्याण, पेरूची बाग आहे, घरी आई कडूबाई... हे सगळं मला रजिस्टरात लिहिण्यासाठी विचारावंच लागलं. तोच एपिसोड रविवारी सकाळी अकराला पुन्हा लागणार होता. तसं सांगितल्यावर तो टीव्ही नुसताच दोरीने बांधून गेला. गोधडी खुर्चीवरच राहिली.

रविवारी अकरा. नेमक्या त्याच वेळेला सुप्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा कंपनीत कामाला, स्वभावाने शांत, नाव ठेवायला कुठे जागा नाही. मी "बघू" म्हटलं होतं आणि पप्पांनी त्याचा अर्थ "हो" असा घेतला होता. मुलीला पसंत पडलं तर लगेच सुपारी फोडायची, असंही त्यांनी ठरवलं होतं.

गुरुवारी कल्याण पेरू घेऊन आला. "आईनं इचारलंय, काय कळलं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्हाला कुणावर संशय आहे?"

"मॅनेजर. लई गोड बोलतो."

"मला तर तिकीट फाडणारा वाटतो."

शुक्रवारी पुन्हा पेरू, पुन्हा संशय. खरं सांगायचं तर शेवट मी गुरुवारी सकाळीच मोबाईलवर बघितला होता. पण सांगून टाकलं असतं, तर शुक्रवारी तो कशाला आला असता? संध्याकाळी गार वारं सुटलं की मी ती गोधडी पायांवर घेऊन बसायचे, आणि ती परत द्यायची मला काही केल्या आठवण होत नव्हती.

शनिवारी मात्र मी सांगितलं. "उद्या मला नाही बघता यायचं. सुप्याचे पाहुणे येणार आहेत, मला बघायला."

त्याच्या हातातला पेरू हातातच राहिला. "ठरलंय का?"

"अजून नाही."

"बरं..." तो पेरूचं देठ खुडत राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, "मॅनेजर नसंल तो. त्या निळ्या साडीवालीवरच माझा डाउट हाय."

"हिरवी होती," मी म्हणाले.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. एपिसोड काळा-पांढरा होता. रंग येतो तो अगदी शेवटी, खुनी सापडल्यावर, आणि ती पाच मिनिटं राहात्यात कुणालाच दिसली नव्हती.

"तुमी कवा बघितलं?" त्याने हळूच विचारलं.

"गुरुवारी सकाळी. तुम्ही?"

"गुरुवारीच. पेरू आनायच्या आधी." त्याचे कान लाल झाले होते. "आता खोटं कशाला बोलू... दुसरं काय निमित्त सांगून आलो असतो? मला तुमी आवडता, निकिता. बुधवारी तिन्ही फोन वाजत असताना हसलात ना, तवापास्नं."

मी रजिस्टर मिटलं. "तुम्ही रविवारनंतरही येत जा," मी म्हणाले. "पप्पांशी मी बोलते."

पप्पा रिमोटचे सेल बदलत होते. "सुप्याच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवा," मी म्हणाले.

"का गं? पोरगा चांगला हाय."

"चांगला आहे, म्हणूनच त्याला फसवायचं नाही. माझ्या मनात दुसरा आहे. पिंपळसचा."

पप्पांनी रिमोटचं झाकण बसवलं. "तरीच," ते म्हणाले, "तीन दिस झालं, घरातलं पेरू सरंनात." मग उठून त्यांनी सुप्याला फोन लावला आणि हात जोडल्यासारखी माफी मागितली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्याच्या आईला उद्या अकराला बोलव. मलाबी बघायचाय त्यो."

रविवारी पोहे झाले, ते कडूबाईंनी खाल्ले. आमच्या घरातल्या टीव्हीसमोर त्या आणि पप्पा मॅनेजरवर वाद घालत बसले. कल्याण दाराशी अवघडून उभा होता, अन् मी त्याच्याकडे न बघण्याचं काम नेटाने करत होते. शेवटी चित्रात रंग आला, हिरवी साडी झळकली, आणि लगेच फोन वाजला. पुंजारामबाबा होते. "ताई, रंग आला बरं का."

"हो बाबा, आला."

कडूबाई निघाल्या तेव्हा मी गोधडी घडी घालून त्यांच्यापुढे धरली. "ही राहिली होती बुधवारी..."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "टीव्ही उघडाच घिऊन आला, तवाच वळखलं मी, ह्यो काय ठिकान्यावर न्हाई." त्यांनी गोधडी परत माझ्या हातात दिली आणि वर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आता तूच घिऊन ये घरी."