उपाशी तुळस

शालनताईंच्या अंगणातली तुळस आता छातीला लागत होती. पानं विड्याच्या पानाएवढी, तकतकीत. त्यांनी रोजच्यासारखं तांब्याभर पाणी घातलं, बुंध्याशी बोट टेकवून ओल्या मातीचा ठिपका कपाळाला लावला आणि मगच त्या स्वतः घोटभर पाणी प्यायल्या. बावीस वर्षांचा नेम. ठिपका दिवस मावळेपर्यंत पुसायचा नाही, हाही त्यातलाच. पान मात्र त्यांनी चुरडून पाहिलं नाही. त्याला गवताचा वास येतो, हे आता पाठ झालं होतं.

सात वर्षांपूर्वी शेतांत ‘नत्रसखा’ नावाचा जिवाणू सोडला होता. तो हवेतला नत्र घेऊन कुठल्याही मुळाला भरवायचा. खताची पोती गेली, मुरमाड माळावर भात पिकला. तक्रार कोण करणार? पण तो शेतात थांबला नाही. वारा, पाऊस, चपलांचे तळ, सगळ्यांबरोबर गावोगाव फिरला.

त्याच्यापासून वाचलेली एकच तुळस उरली होती, पठारावरच्या बीजगृहात, काचेच्या बंद खोलीत. तिची निगा सहा वर्षं शालनताईंकडे होती. निगा म्हणजे काय, तर तिला उपाशी ठेवायचं.

“आज एकादशी ना, ताई?” बीजगृहाच्या प्रमुख डॉ. रेहाना मुजावर दारातच म्हणाल्या. “म्हणजे दोघीही उपाशी.”

“माझा उपास उद्या सुटेल, मॅडम. तिचं काय? पिवळी पडलीय बिचारी. बघवत नाही.”

“पोटभर नत्र मिळाला की झाड नुसता पाला वाढवतं. ओढाताण असली की पानात तेल धरून ठेवतं. तोच तो वास. अम्मीच्या कबरीवर मी सब्जा लावलाय. कमरेएवढा झालाय, पण वास घ्यायला वाकलं की वाटतं, कशाला वाकले.”

शालनताईंनी आतल्या न्हाणीत अंग धुतलं, निर्जंतुक कपडे घातले, टोपी भुवयांपर्यंत ओढली. खोलीतलं गारव्याचं यंत्र सकाळपासून बंद होतं. गळलेलं पान उचलायला त्या कुंडीवर वाकल्या, तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब मातीत पडला. घामच तो.

तीन आठवड्यांनी तुळस हिरवी झाली. शालनताईंना आधी आनंदच झाला. मग त्यांनी गंधमापक पानाजवळ धरला. रोजचा आकडा एक्केचाळीस. आज नऊ.

मुजावरबाईंनी माती तपासली. नत्रसखा.

“हवा गाळलेली, पाणी उकळलेलं. तुम्ही अंग धुऊन येता. मग आला कुठून?”

शालनताईंनी हळूच टोपी मागे सारली.

मुजावरबाई त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. “हे धुतलं जात नाही?”

“तेवढं सोडून धुते. पहिल्या दिवसापासून. सहा वर्षं काही झालं नाही, मला वाटलं तीच सांभाळतेय.”

मुजावरबाई स्टुलावर बसल्या.

“बिया असतील ना, मॅडम? मंजिऱ्या आल्यात.”

“बियांतही उतरतो तो. आणि आधी धरलेल्या बियांतली एकही उगवली नाही.”

“मला बोला काहीतरी.”

“काय बोलू? एकदा टोपीखाली मातीची कड दिसली होती मला. वाटलं, नेमाचं असेल, कशाला विचारायचं. विचारायला हवं होतं.”

शालनताईंनी एक पान खुडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. अगदी तळाशी, कुणीतरी खोलीतून नुकतंच उठून गेल्यासारखा वास होता. मग गवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात आल्या. तांब्या रिकामा केला. सवयीनं बोट मातीत टेकलं, कपाळापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. समोर तुळस वाऱ्यावर डोलत होती, सुखी, धष्टपुष्ट. काचेमागची तीही आता अशीच डोलेल. तिला तर आयुष्यात पहिल्यांदाच पोटभर मिळालं होतं.

घसा कोरडा पडला होता. ठिपका लावल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असा नेम. जिच्यासाठी तो धरला, तिलाच तो भोवला. मग बोटावरची ही माती आता कुठे लावायची?