बोट खाली करायचं नाही

घरात फ्रिज किती असावेत याला काही धरबंध? दादाच्या घरी पाहुण्याला बसायला खुर्ची मिळेलच असं नाही, पण टेकायला फ्रिज हमखास मिळायचा. दादा फ्रिज दुरुस्त करायचा. दुरुस्तीला आलेले, दुरुस्त होऊनही कुणी न नेलेले आणि सात जन्मांत दुरुस्त न होणारे, असे सगळे बाहेरच्या खोलीत खांद्याला खांदा लावून उभे असत. आणि मागची ऐसपैस खोली होती त्याच्या धाकट्या बहिणीच्या ताब्यात. तिथं ती रॉकेटं बनवायची.

बनवायची म्हणजे खरीखुरी, उडणारी. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, वर टोकदार टोपी. पोटात घडी घातलेलं पॅराशूट, ते चिकटू नये म्हणून त्यावर टाल्कम पावडर, आणि बुडाशी टॉर्चच्या सेलएवढी दारूची कांडी. दिवसभर इस्पितळात लोकांचं रक्त काढून ती घरी यायची, त्या खोलीत शिरायची आणि गुणगुणायला लागायची. खोली गेली तर हे गुणगुणणंही जाईल, हे दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, पक्कं ठाऊक होतं. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचं मात्र चांगलं गूळपीठ होतं.

पण दोन रॉकेटं हरवली. वर गेली, आणि कुठं उतरली ते कुणाला दिसलंच नाही. तेव्हा दादानं जाहीर करून टाकलं की तिसरं हरवलं तर मागची खोली फ्रिजांची. नणंद हट्टी, ती कबूल म्हणून बसली आणि मग मनातल्या मनात पस्तावली. तिसरं रॉकेट तिनं नारिंगी रंगवलं, म्हणून त्याचं नाव पडलं गाजर. दादा म्हणाला, गाजराची पुंगी ही, वाजली तर वाजली.

रॉकेट उडवणाऱ्यांची एक रीत असते. एकानं बटण दाबायचं आणि एकानं नुसतं बोट दाखवायचं. रॉकेट सुटलं की त्याच्यावर बोट रोखायचं आणि ते हाती लागेपर्यंत, काही झालं तरी, बोट खाली करायचं नाही. डोळे फसतात, पापणी लवते, हात मात्र दिशा धरून ठेवतो. नणंदेनं हे काम वहिनीला दिलं. आता वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची खरी, पण तिच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. हे ऐकून दादा पोट धरधरून हसला.

झालं भलतंच. वहिनीचं बोट चुकेचना. गावाबाहेरच्या गवताच्या कुरणात गाजर उडायचं, वर टोपी निघायची, पॅराशूट फुलायचं, वारा त्याला कुठल्या कुठं न्यायचा, आणि वहिनी आपली बोटामागून चालत थेट गाजरापाशी जाऊन उभी. वहिनीला उभ्या जन्मात कशात पहिला नंबर मिळाला नव्हता. ती हरखून गेली. एकदा चष्मा पुसायला काढला, तरी बोट बरोबर सरकत राहिलं. एकदा डोळ्यांत धूळ गेली, डोळे घट्ट मिटलेले, आणि बोट चाललंच होतं. हे तिनं नणंदेला सांगितलं. नणंद शास्त्र शिकलेली, ती म्हणाली हाताला सवय होते. वहिनीनं ते पटवून घेतलं, कारण आनंदात कोण चौकशा करत बसतो!

मग एका रविवारी मोठी कांडी लावायचं ठरलं. दादा पहिल्यांदाच बघायला आला, तोही खोली मोजायचा टेप खिशात घालून. सकाळचं लख्ख आकाश होतं. नणंदेनं उलटे आकडे मोजले आणि गाजर इतकं सरळ सुटलं की दादाच्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं. धुराची रेघ वर वर जाऊन संपली. पॅराशूट काही दिसेना. नणंदेचा चेहरा उतरला.

"गेलं," दादा म्हणाला.

"जातंय," वहिनी म्हणाली. तिचं बोट डोक्यावर होतं. "अजून वर जातंय."

बऱ्याच वेळानं बोट पश्चिमेला झुकलं. झुकत झुकत टेकड्यांना टेकलं. तिघं दादाच्या गाडीतून त्या दिशेनं निघाली, टेकड्या ओलांडल्या, तर बोट क्षितिजाच्या खाली, रस्त्यात घुसलेलं. पाताळात गेलं वाटतं, दादा म्हणाला आणि त्यानं गाडी वळवली. घरी जेवायला बसली तेव्हा वहिनीचं बोट थेट पायाखालच्या फरशीकडे होतं. आणि संध्याकाळच्या चहाला ते पूर्वेच्या खिडकीतून हळूच वर निघालं.

नणंदेनं कप खाली ठेवला. पृथ्वीला फेरी मारून आलं, ती म्हणाली. मग म्हणाली, शक्य नाही, पुठ्ठ्याची नळी ती, एवढीशी कांडी, धड टेकडीसुद्धा ओलांडायची नाही. मग पुन्हा म्हणाली, फेरी मारून आलं! आणि वहिनीला मिठी मारून फ्रिजांच्या मधून नाचायला लागली.

"म्हणजे हरवलंच की," दादा म्हणाला.

"हरवलं कसं? या क्षणाला कुठं आहे ते वहिनीला माहीत आहे. तुझा पाना कुठं आहे ते तुला माहीत आहे का?"

दादाला पाना काही सापडला नाही. खोली मोजायला काढलेला टेप त्यानं निमूटपणे पुन्हा खिशात घातला. माणूस शब्दाचा पक्का.

तो आठवडा म्हणजे घरात नुसती चंगळ होती. वहिनी हात खाली करू शकायची, पण पुन्हा उचलला की बोट आपोआप आपली जागा गाठायचं. दुकानात काच घासताना तिला समजायचं, आता ते पायाखाली आहे, आता मागच्या भिंतीपलीकडे. लहानपणी पाळलेल्या मांजराचा घरातला वावर असा न बघता कळायचा. संध्याकाळी ते घरावरून जायचं. तिघं गच्चीवर उभी राहायची, वहिनी बोट दाखवायची आणि सगळी मिळून हात हलवायची. सगळ्यात जोरात दादा, दोन्ही हातांनी, "ये रे, घरी ये!" करत. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. कितीतरी वर्षांत ही भावंडं अशी एकत्र हसली नव्हती, आणि हे आपल्या बोटामुळे झालं म्हणून वहिनीला धन्य धन्य वाटायचं.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. कुरणातलं गवत कापणारा माणूस उभा होता. त्याच्या हातात गाजर होतं.

दोन शेतं सोडून कुंपणाच्या झुडपात अडकलं होतं, तो म्हणाला. पंखावरचा पत्ता वाचून आणलं. पॅराशूट उघडलंच नव्हतं. एका बाजूचा रंग उन्हानं विटला होता, आणि नळीत मुंग्यांनी घर करून अंडीसुद्धा घातली होती. आठवडाभर ते तिथून हललंच नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

काय तो हशा उसळला! दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणे पृथ्वीला फेरी! वहिनी लाजली आणि मग सगळ्यांत जास्त तीच हसली. दादानं टेप काढून बहिणीच्या हातात ठेवला आणि खोली आता कायमची तुझी म्हणाला. नणंदेला रडू आलं, ते तिनं लपवलंही नाही. गवतवाल्याला दादानं आग्रहानं फ्रिजवर बसवलं आणि चहा टाकायला घेतला.

दोघी गाजर ठेवायला मागच्या खोलीत आल्या. नणंदेनं ते छातीशी धरलं होतं. तिनं वहिनीची खोडी काढली, "दाखव बघू आता, कुठंय गाजर?"

वहिनीनं हसत हात उचलला. बोट छताकडे गेलं.

"वहिनी, पुरे आता."

"वन्सं, मी नाही करत."

दोघी बघत राहिल्या. आठवडाभर हे बोट सतत सरकत होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. आज ते सरकत नव्हतं.

नणंदेचं हसू हळूहळू विरलं. तिनं वहिनीला समोरच्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. दूरच्या डोंगराकडे बोट दाखवत चार पावलं चाललं तरी बोट वळत नाही, जवळच्या खांबाकडे दाखवलं तर वळवावं लागतं, हे तिला माहीत होतं.

वहिनी चालली. बोट वळलं.

परत आली. बोट परत वळलं.

नणंदेनं दोन्ही दिशा नजरेनं जुळवल्या. त्या छताच्या जरा वर मिळत होत्या. गच्चीवर. रोज संध्याकाळी उभं राहून ती तिघं हात करायची, तिथं.

वहिनीला भीती वाटायला हवी होती. पण आठवडाभराची ओळख होती. तिला एवढंच वाटलं, की आपण बोलावलं म्हणून कुणीतरी आलं.

बोट जरासं खाली आलं. थांबलं.

पुन्हा जरासं खाली आलं. पुन्हा थांबलं.

गच्चीचा जिना याच खोलीच्या भिंतीला बाहेरून लागून होता, खाली थेट मागच्या दाराशी उतरणारा. पायऱ्यांवर पाऊल वाजत नव्हतं.

"काय गं," बाहेरून दादानं आनंदानं विचारलं, "चहा एकूण किती जणांचा टाकू?"

वहिनीचं बोट आता सरळ समोर होतं, मागच्या दाराच्या कडीवर.