कमलताईंचं चित्र कुणी नेलं?

दर्शना बंदोबस्त आटोपून घरी झोपायला निघाली होती, तेवढ्यात हितेंद्रचा फोन आला.

"मॅडम, तशाच हॉलवर या. कमलताईंचं चित्र चोरीला गेलंय!"

फणसवाडीतल्या हौशी चित्रकारांच्या मंडळाचा हितेंद्र सेक्रेटरी. दर्शना पोलिसात सब-इन्स्पेक्टर. रविवारी सुटी मिळालीच तर मंडळात बसून झाडं रंगवायची. आज संध्याकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पाय उचलत नव्हते, तरी ती वळली.

हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर नुसती फ्रेम होती. आतला कॅनव्हास गायब. फ्रेमचे खिळे कुणीतरी हळुवार उपसून खिडकीत ठेवले होते. दाराचं कुलूप शाबूत.

"काल सकाळपर्यंत होतं. किल्ल्या दोनच," हितेंद्र म्हणाला. "एक रघुवीर काकांकडे, एक विनीतकडे. आणि चित्रावरून भांडला होता विनीतच. त्याला मंडळातून काढायचा आणि पोलीस कम्प्लेंट करायची."

"मी पोलीसच आहे," दर्शना जांभई दाबत म्हणाली. "आधी चहा सांग."

चित्र काकांचं होतं. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनीच हे मंडळ उभं केलं. शेजारच्या चाळीतल्या कमलताई त्यांच्यासाठी कित्येक रविवार खुर्चीत बसल्या होत्या. आता त्याही आल्या होत्या. काका कोपऱ्यात गॉगल लावून बसले होते. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"भिंतींना चुना कधी लावलात रे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कसला चुना, काका? फंड कुठाय?" हितेंद्र वैतागला.

दर्शनानं विनीतला बाजूला घेतलं. पोराचा चेहरा उतरला होता.

"भांडण कशावरून?"

"साडीवरून. मी म्हटलं, काका, ताईंची साडी आकाशी आहे, तुम्ही हिरवी रंगवलीत. ते भडकले. म्हणाले, तू मला रंग शिकवणार?"

"काल कुठे होतास?"

"शिवडीला, गोदामात. डबल ड्युटी होती. विचारा हवं तर."

मग ती काकांकडे गेली. गॉगल वर करून, एक डोळा तळहातानं झाकून ते भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी दुसरा झाकला.

"कुणावर संशय, काका?"

"नाही गं. जाऊ दे ना. दुसरं काहीतरी लावा तिथे."

दर्शनानं कप खाली ठेवला.

"काका, चित्र तुमच्या घरी आहे ना?"

काकांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"रागानं चित्र नेणारा खिळे असे जपून काढत नाही," ती म्हणाली. "किल्लीवाले दोघंच. त्यातल्या विनीतला वाटतंय चित्र सापडावं, म्हणजे तो सुटेल. तुम्हाला मात्र ते सापडायला नकोय. चुना कुणीच लावलेला नाही, काका. भिंती पांढऱ्याच होत्या. मोतीबिंदूमुळे तुम्हाला त्या पिवळट दिसायच्या, आणि आकाशी साडी हिरवी. काल नव्या डोळ्यानं तुम्ही इथे येऊन चित्र पाहिलंत, आणि..."

"साडी शेवाळासारखी," काकांचा आवाज चिरकला. "तोंड गेरूनं सारवल्यासारखं. ते लोकांना दाखवू? आणि तुम्ही सगळे 'वा काका, वा काका' करत होतात! एकानं तरी सांगायचं!"

"एकानं सांगितलं होतं. तो चोर ठरत होता, तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

काकांची मान खाली गेली.

"मला वाटलं, चित्रकारांना माणूस असाच दिसतो," कमलताई हळूच म्हणाल्या.

"पुन्हा बसाल, ताई?" काकांनी विचारलं.

"बसेन. पण आधी त्या पोराशी बोला."

काका उठले. विनीतसमोर उभे राहिले. "चुकलो रे."

"ठीकाय, काका," विनीत म्हणाला. पण वर बघितलं नाही. झेंडूचं तोरण आणि स्टूल उचलून तो दाराकडे गेला.

थोड्या वेळानं काका त्याच्या मागोमाग गेले आणि त्याचं डुगडुगणारं स्टूल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.