फाटकावरची नोंद

झ्वेलीला तुम्ही ओळखता. न्तुलींचा थोरला. क्युबाला शिकून आला आणि जिल्हा कार्यालयात खाजगी रुग्णवाहिका तपासायला लागला. मी तिथंच गॅरेजला होतो. त्यानं सांगितलं तसंच सांगतो. लिंडिवे, ते लाकूड जरा आत सार.

गेल्या जुलैची गोष्ट. मा झुंगू कार्यालयात आली. तिची नोझिपो, बावीस वर्षांची, दम्यानं गेली होती. नोंगोमाच्या एका मालकाच्या गाडीतून तिला नेत होते. कागदावर लिहिलं होतं, मृत्यू रुग्णालयाच्या फाटकावर.

"जीव जिथं गेला तिथून तिचा आत्मा घरी आणायला मी फांदी घेऊन फाटकावर गेले, बाळा," ती झ्वेलीला म्हणाली. "नाव घेऊन हाक मारली. वाटेत प्रत्येक नदीला सांगितलं, नदी आली, चल माझ्याबरोबर. घरी पोचले ती एकटीच. आता रोज स्वप्नात विचारते, आई, मी कुठंय? फाटकावर नव्हती, तर गेली कुठं माझी पोर?"

झ्वेली फांदीबिंदी मानणारा नव्हे. कागद मानणारा. तो म्हणाला, "मा, कागद खोटा निघाला, तर मी स्वतः तुमच्या दारात येऊन सांगेन."

त्या गाडीचा परवाना अठरा तारखेला नवा व्हायचा होता. सतराच्या रात्री, गुरुवारी, पावणेदहाला हा मालकाच्या आवारात हजर.

"सकाळी मीच आणतो की गाडी, साहेब," बेकी ड्रायव्हर म्हणाला.

"सकाळपर्यंत तू शेजाऱ्याचा भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उसना आणशील. किल्ली दे."

"घ्या. क्युबात माणसं रात्रीची झोपत नाहीत वाटतं?" बेकी हसला. मग त्याचं हसू गेलं. "पुलावर थांबू नका, एवढंच."

"का?"

बेकीनं दार लावून घेतलं.

झ्वेलीनं मागं जाऊन पाहिलं. स्ट्रेचर रिकामं. दाराला बाहेरून कडी घातली आणि कार्यालयाकडं, उलुंडीचा रस्ता धरला. आपल्याकडची जुलैची कडाक्याची थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पावणेअकराला उतार लागला, खाली नदी.

मागून आवाज आला. बारीक शिट्टीसारखा.

वारा असेल. त्यानं काच वर केली.

आवाज तसाच. श्वास होता तो. दम लागलेल्या माणसाचा.

मग पाठीमागच्या जाळीवर बोटं वाजली. दोनदा.

"भाऊ... नदी आली का?"

झ्वेलीनं मागं पाहिलं नाही.

"कुणी सांगतच नाही, भाऊ..."

पुलाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. दिवे गेले. खाली पाणी वाजत होतं. मागं श्वास अडकत होता. एक... मग काहीच नाही... मग एक...

"मग हो, आजोबा?"

मग काय. शिकलेला माणूस, पण आईच्याच हातचं खाऊन वाढलेला. म्हणाला, "नोझिपो, ही काळी उम्फोलोझी. आपण ओलांडतोय. चल, बहिणी."

मागं शांत झालं. किल्ली फिरवली, तर गाडी चालू.

तो कार्यालयात गेलाच नाही. गाडी वळवून मा झुंगूच्या दारात नेली. मध्यरात्र उलटून गेली होती.

"मा, कागद खोटा आहे. ती फाटकावर नाही गेली. या गाडीतच गेली, पुलाच्या अलीकडं. फांदी आणा."

म्हातारी अनवाणी धावली. मागच्या दारात फांदी धरून तिनं हाक मारली, आणि कुणाशी एक शब्द न बोलता, फांदीशीच पुटपुटत आत घेऊन गेली. त्या रात्रीपासून स्वप्न बंद. परवाना त्यानं नाकारला. गाडी आमच्या आवारात कुलूप ठोकून उभी केली.

"म्हणजे सुटली बिचारी," लिंडिवे म्हणाली.

नोझिपो सुटली, पोरी.

सोमवारी आम्ही दोघं सामानाची यादी करायला कुलूप काढून आत शिरलो. सिलिंडर रिकामा, काटा शून्यावर. मोठा मास्क कोरडा ठणठणीत. त्याच्या मागच्या हुकाला लहान मुलांचा मास्क लटकत होता, माझ्या मुठीएवढा. आतून वाफ धरलेला.

आम्ही बघत राहिलो...

वाफ हळूहळू विरली.

आणि पुन्हा धरली.