बॅगेतलं जुनेर

दोष आईचा. पुढचं ऐकून तुम्हाला तिची कीव येईल, मलाही येते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दोष आईचा, आणि तिच्या शेजारी पेपर उघडून बसलेल्या बाबांचा. दोघांनी मिळून एक गोष्ट तीस वर्षं दिवाणाच्या पोटात कोंबून ठेवली आणि ती बाहेर काढायची वेळ आली तेव्हा मला पुढे केलं.

मला, कारण मी घरीच होतो. ग्रेटर नोएडाचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडून आलेला मुलगा म्हणजे घरातली स्टेपनी. एरवी धूळ खात पडलेली, पंक्चर झालं की सगळ्यांना आठवणारी. त्या जानेवारीत अक्षयाताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. चैतन्यजिजू नेव्हीत, कुठल्यातरी बोटीवर. ताईचे दिवस भरत आले होते, तरी हॉस्पिटलची बॅग भरलेली नव्हती, कारण आईच्या मते आधीपासून तयारी केली की दृष्ट लागते.

"मग कधी भरायची? कळा सुरू झाल्यावर?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं, ऋग्वेद? तू आधी तुझी डिग्री पूर्ण कर."

आमच्याकडे कुठलंही बोलणं दुसऱ्या वाक्याला डिग्रीवर येतं.

सरोजिनी नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्स पाडायला काढल्या होत्या. ब्लॉकमध्ये आम्हीच उरलो होतो. बाबांना रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले होते आणि त्यांनी खटपट करून तेवढी मुदत मिळवली होती. खालच्या घरांच्या खिडक्या चौकटींसकट काढून नेलेल्या. वारा सुटला की ती रिकामी घरं हुंकार द्यायची, झोपेत माणूस देतो तसा. त्या शनिवारी धुकं दुपारपर्यंत उठलंच नाही. लाइट गेलेली. जेवण झाल्यावर खोलीत इतका अंधार की मी इमर्जन्सी दिवा लावला, आणि शेवटी आईनेच दिवाणाची फळी उचलून बॅग काढायला सांगितली.

तपकिरी रेक्झिनची बॅग. तिच्याभोवती सुती पातळाची चिंधी गाठ मारून बांधलेली. चेन उघडली आणि वेखंडाचा वास आला. जुना, उग्र, आणि त्याच्या खाली आणखी एक, दुधाचा. आत दोन अंगडी, एक टोपडं, लंगोट आणि एक दुपटं.

"ही बॅग तुमचीच," आई म्हणाली. "अक्षयाला ह्यातलंच अंगडं घालून घरी आणलं. तुलापण."

ताईने आदल्या आठवड्यात मार्केटमधून पिवळ्या बदकांची झबली आणली होती. आईने ती उचलून बाजूला ठेवली. "पाचवीपर्यंत नवं कापड अंगाला लावायचं नाही. पहिलं जुनेरच."

जुनेर म्हणजे वापरून मऊ झालेलं कापड. धडधाकट वाढलेल्या मुलाचं अंगडं नव्या बाळाला चढवायचं, म्हणजे त्याचं आयुष्य ह्याला लागतं, असं आमच्यात मानतात. ताईला गंमत वाटली. ती म्हणाली, "आई, माझी हाइट लागू दे, ह्याची अक्कल नको."

"बिल्कुल," मी म्हटलं. "आणि जिजूंचं नाकही नको, यार. गरीब बाळ."

ती हसली, मग पोट धरून म्हणाली, "हसवू नकोस रे ऋग्या, लाथ मारतंय."

मी बॅग भरली. ताईचे गाऊन, रिपोर्टची फाइल, चार्जर, वर जुनेर. आईची पाठ वळल्यावर तळाशी बदकांची झबलीपण सरकवली. चेन लावली. ताई आडवी झाली, तिला डुलकी लागली. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

आधण यायच्या आत चेनचा आवाज आला. हळू. एकेक दाता सुटावा तसा.

मी येऊन पाहिलं. बॅग उघडी. टोपडं ताईच्या उशीवर, तिच्या गालाला लागून. ताई गाढ झोपलेली, तोंड अर्धवट उघडं. झोपेतच तिने हात उचलला आणि त्या टोपड्यावर ठेवला, थोपटल्यासारखा.

मला वाटलं, हिनेच काढलं असणार. टोपडं आत ठेवलं, चेन लावली, चहा गाळून आणला.

बॅग पुन्हा उघडी होती. ह्या वेळी बदकांची झबली बाहेर, जमिनीवर, ओळीने मांडलेली. कोणीतरी ती पाहत बसलं असावं, अशी.

"ताई... तू उठली होतीस?"

"नाही रे. का?" तिने उठून बसत बॅग जवळ ओढली, अंगडं हातात घेतलं आणि थांबली. "ऋग्या, इकडे ये. हे मी घातलं होतं ना?"

"आई म्हणाली तसं."

"मग ह्याच्या नाड्या बघ. गाठीचा एक वळ नाही. इस्त्रीची घडी तशीच आहे." तिने ते गालाला लावलं आणि तिचा आवाज खाली आला. "आणि हे गरम आहे."

मी हात लावला. धुक्याने भिंतीसुद्धा ओल्या झालेल्या त्या घरात ते एवढंसं कापड ऊबदार होतं. आत्ताच कोणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखं.

मी ते घेऊन तडक बाहेरच्या खोलीत गेलो. आई डिंकाचे लाडू वळत होती. बाबा बाल्कनीच्या उजेडात पेपर घेऊन.

"हे कोणाचं आहे?"

"सांगितलं ना, तुमचं."

"हे कोणीही घातलेलं नाही, आई. खोटं बोलू नकोस."

लाडू तिच्या हातात फुटला. बाबांनी पेपर खाली केला नाही. मागून म्हणाले, "प्रमोदिनी, राहू दे."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणालो. "तुम्ही गप्पच बसता, मला माहितीये. आत्ता पण तेच करा."

आई हातांना लागलेला चुरा काढायला लागली. मग लाडवांशी बोलावं तसं बोलली.

"अक्षयाच्या आधी एक झाला होता. मुलगा. बॅग मी स्वतः भरली होती, सातव्या महिन्यातच. हौस फार होती. तो तिथून घरी आलाच नाही. काचेच्या पेटीत होता, तिथेच... अंगडं चढवायची वेळच आली नाही. बॅग तशीच परत आली."

"आणि ते तू ताईच्या बाळाला घालणार होतीस?"

"ते एकदा तरी..." तिचा आवाज चिरकला. "ते अंगडं घालून एकदा तरी एक लेकरू हॉस्पिटलातून घरी यावं, एवढंच होतं रे माझ्या मनात. तुमच्या दोघांच्या वेळी धीर झाला नाही."

"आणि ज्याचं अंगडं, त्याचं आयुष्य लागतं म्हणतेस! कुठलं आयुष्य लावणार होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. तीस वर्षं दुःख उराशी धरून बसलेल्या बाईला दुसरं काही दिसत नाही, आणि ह्यांना आपण वडीलधारे म्हणतो.

"त्याचं नाव काय होतं?" दारातून ताईने विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली होती, कोणालाच कळलं नाही.

"बारसं झालं नव्हतं," बाबा म्हणाले. पेपर अजून तसाच. "नाव ठेवलं असतं तर विसरता आलं नसतं."

"मग विसरलात?" मी विचारलं.

पेपर हलायला लागला. बाल्कनीत वारा नव्हता.

तेवढ्यात ताईने चौकट घट्ट धरली. तिच्या पायाशी फरशी ओली झाली होती.

मग एकच धावपळ. बाबांनी गाडी बोलावली, फोनवर ओरडत होते, "भैया, जल्दी, अंदर तक आना!" आईने ताईला शाल गुंडाळली. मी आत धावलो, जमिनीवरची झबली बॅगेत कोंबली आणि ती उचलायला गेलो.

बॅग उचलेना. गाऊन, फाइल आणि चार कपडे, तेवढ्यासाठी मी दोन्ही हात लावले तरी जागची हलेना. म्हटलं, मरू दे बॅग, फाइल तेवढी घेऊ. उघड्या चेनमधून हात खाली घातला. कापडाच्या थरांखाली ऊब होती, पांघरुणात असते तशी. फाइलची कड लागली.

आणि कोणीतरी माझं बोट धरलं.

लहान बाळं धरतात तसं. सगळी मूठ, एका बोटाभोवती. नखंसुद्धा जाणवली, कागदासारखी पातळ.

मी ओरडलो नाही. खरं सांगतो, भीती नंतर आली. आधी मी ते बोट तसंच राहू दिलं. बोट सोडवायला गेलो तर मूठ आणखी आवळली, आणि बाहेर ताई ओरडली. पुन्हा ओढून पाहिलं. पुन्हा ताई ओरडली, आधीपेक्षा जोरात.

"ऋग्वेद!" आई दारात आली आणि माझा बॅगेत अडकलेला हात बघून तिथेच खाली बसली. काय झालंय, हे तिला सांगावं लागलं नाही.

"तो सोडत नाहीये, आई."

"त्याला... बाहेर बोलव."

"काय म्हणून बोलवू? नाव कुठंय त्याला?"

आईने पदर तोंडात कोंबला. त्यातून शब्द आले, एकेक. "ठरवलं होतं... मुलगा झाला तर ऋग्वेद. तो गेला. मग तू झालास... नाव वाया जाऊ नये म्हणून..."

म्हणजे मीपण. आयुष्यभर ह्यांनी मला नालायक म्हणून हाक मारली ती ह्या नावाने, आणि नावसुद्धा माझ्यासाठी घेतलेलं नव्हतं. तेही जुनेरच.

चिडायला वेळ नव्हता. बाहेर ताई आता ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती. मी बॅगेवर वाकलो. बारशाला आत्या करते तसं, कान जिथे असेल असं वाटलं तिथे तोंड नेलं. वेखंड आणि दूध. इवलासा श्वास, माझ्या गालावर.

"कुर्रर्र," मी म्हणालो. "दादा... ऋग्वेद. तुझं नाव ऋग्वेद. घे, तुझंच आहे. पण हिला जाऊ दे. तिच्या बाळाला जाऊ दे."

मूठ लगेच सुटली नाही. आधी सैल झाली. मग माझ्या बोटावरून अंगठा फिरल्यासारखं वाटलं, एकदाच, ओळख पटल्यासारखं. मग काही नाही. बॅग एका हाताने उचलली गेली.

गाडीत ताईने माझा खांदा धरला होता. "बॅग घेतलीस ना, अरे..." एवढं म्हणून ती थांबली, कपाळाला आठी घालून, काहीतरी ओठांवर येऊन राहिल्यासारखी. मला वाटलं, कळ आली.

मुलगी झाली. गुटगुटीत, जिजूंचंच नाक. पिवळ्या बदकांच्या झबल्यात घरी आली आणि आईने चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बॅग रिकामी करताना तिला तळाशी एक अंगडं मिळालं. नाड्या चुरगळलेल्या, गाठीचे वळ उमटलेले, आणि छातीवर दुधाचा ओला डाग. आईने ते धुतलं नाही. उशाखाली घेऊन झोपते. बाबा हल्ली संध्याकाळी पेपर बाजूला ठेवून तिच्याशी बोलतात. काय ते मी विचारत नाही.

भाचीचं नाव कादंबरी. माझ्यावर जीव आहे तिचा, मांडीवरून उतरत नाही. आता बोलायला लागलीये. पण "ऋग्वेदमामा कुठंय?" असं मीच विचारलं की ती हसते आणि दिवाणाकडे बोट दाखवते. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहायला आलो, दिवाण नवा घेतला, तरी दिवाणाकडेच.

आई मला "अरे" म्हणते. बाबा "ऐक" म्हणतात. ताई तोंड उघडते, अडखळते आणि "तू" म्हणते. त्या दुपारनंतर घरात कोणीही मला नावाने हाक मारलेली नाही.