डावी बाही

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या विदिन गावात माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापलेला कागद घराच्या फाटकावर लावतात. सहा महिन्यांनी नवा लावतात, वर्षाने पुन्हा. हे कागद आमच्या छापखान्यात होतात आणि तिथले संगणक मी सांभाळते. जुना, फाटका फोटो आमचा प्रोग्रॅम राजधानीतल्या, सोफियातल्या एका कंपनीकडे पाठवतो. तिथून तो नीट होऊन आपोआप परत येतो.

त्या दुपारी फोटो परत येईनासे झाले. एरवी मी दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं. पण रांगेत माझ्या नवऱ्याचा, रुसीचाही फोटो होता. सहा महिन्यांपूर्वी तो डॅन्यूबमध्ये बुडाला. नदीने त्याला परत दिलं नाही. पुरायला काही मिळालं नव्हतं, त्यामुळे फाटकावरचा कागद एवढीच त्याची जागा. नवा कागद उद्या सकाळी लागायलाच हवा होता. सासूबाईंनी फाटक पुसूनही ठेवलं होतं.

खिडकीबाहेर नदीवरून धुकं चढत होतं. मी एकेक गोष्ट तपासत गेले. आमचं इंटरनेट चालू होतं. पासवर्ड बरोबर होता. फोटो आमच्याकडून निघत होता, पलीकडून मात्र कसलंच उत्तर नव्हतं. शेवटी सोफियातल्या ओग्न्यानला फोन लावला.

"नेवेनाताई, कोणाचं दार वाजवताय?" तो हसला. "तो सर्व्हर आम्ही आज सकाळीच बंद केला. नव्या पत्त्याची मेल तुमच्या साहेबांना गेलीय. पण ते मेल वाचतील तर ना."

त्याने नवा पत्ता सांगितला. मी तो टाइप करत होते, तोच रुसीचा फोटो आला. जुन्या पत्त्यावरून.

"ओग्न्यान, एक आलाय," मी म्हटलं.

"कसा येईल, ताई? ते मशीन इथे माझ्या पायाशी पडलंय. वायरसुद्धा नाही त्याला..."

मी फोन ठेवला आणि फोटो उघडला. पाठवला होता तो उन्हाळ्यातला, नदीवरच्या धक्क्याच्या कठड्याला टेकून हसणारा रुसी. आलेल्या फोटोत धुकं होतं. धक्क्याच्या पार टोकाला तो उभा होता, अंगात निळा स्वेटर. स्वेटरला डावी बाही नव्हती.

हा स्वेटर मी तो गेल्यानंतर विणायला घेतला होता. का, ते विचारू नका. डावी बाही अजून व्हायची होती.

जोडणी तुटली तर प्रोग्रॅमने थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करावा, ही सोय मीच केलेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. फोटो आला. रुसी निम्मा धक्का चालून आला होता. खोलीत शेवाळाचा, गाळाचा वास पसरला... मी इंटरनेटची वायर उपटली आणि हातात धरून बसले.

पुन्हा फोटो आला. आता चेहरा दिसत होता. उघडा दंड गारठून काळानिळा पडला होता.

प्रोग्रॅम थांबवणं एका बटणाचं काम. बोट त्यावर ठेवलं होतं. मी ते दाबलं नाही.

पुढच्या फोटोत धक्का रिकामा होता.

तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन. आवाज दबका. "अगं, विणकाम सोबत नेलंस का? टोपलीत नुसता लोकरीचा गुंडा आहे... आणि टोपली ओली कशी झाली?"

"हो, नेलंय," मी म्हटलं.

जुना फाटका फोटोच छापून मी तो कागद फाटकावर लावला. पुढच्या काही दिवसांत उरलेल्या लोकरीची बाही विणली. सासूबाई बघत होत्या. बाही पुरी झाली त्या संध्याकाळी ती फाटकाच्या बाहेरच्या खिळ्याला अडकवली, घरात आले आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी बाही तिथेच होती. बर्फाने ताठ झालेली, कोणी हात न लावलेली.

दाराची आतली कडी मात्र काढलेली होती, आणि तिच्यावर नदीचा ओला गाळ होता.